विश्लेषण : मुंबईचा स्पायडर-मॅन ‘आपला’ की नावं बदललेली नक्कल? पवित्र प्रभाकरवरून चाहते वीस वर्षं का भांडताहेत?

ऑनलाइन मागवलेलं कॉमिक कुठवर आलं हे पाहायला मोबाइल उघडला, की मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या वाचकाला अनेकदा एकच नाव दिसतं : भिवंडी. अॅमेझॉननं जून २०१३ मध्ये भारतातली वेबसाइट सुरू केली, तेव्हा तिच्यावर फक्त पुस्तकं आणि चित्रपट-मालिका विकायला होत्या आणि त्यासाठीचं पहिलं गोदाम भिवंडीत होतं. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात पडायची. भिवंडीजवळच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती भानगड नव्हती, जागा त्या मानानं स्वस्त होती आणि मुंबई-नाशिक महामार्ग दाराशी. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र मानकोली, पूर्णा, काल्हेरपासून पडघ्यापर्यंत वाढतच गेली.

थोडक्यात, सुपरहिरो न्यूयॉर्कचा असो की मुंबईचा, त्याचं पार्सल बऱ्याचदा भिवंडीहूनच निघतं. आणि मुंबईचाही एक स्पायडर-मॅन आहे. पवित्र प्रभाकर त्याचं नाव. तो २००४ मध्ये कॉमिकमध्ये आला, २०१४ मध्ये अनेक विश्वांतल्या स्पायडर-मॅनना एकत्र आणणाऱ्या महाकथेत शिरला आणि २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या अॅनिमेशनपटातून जगभर पोहोचला. या मालिकेचा पुढचा भाग जून २०२७ मध्ये येणार असल्याचं जाहीर झालंय. त्यामुळे जुना वाद पुन्हा वर आलाय : हा खरंच मुंबईचा मुलगा आहे, की पीटर पार्करलाच धोतर नेसवलंय?

पवित्र प्रभाकर आला कुठून?

२००४ मध्ये हॉलिवूडचा ‘स्पायडर-मॅन २’ येत होता. त्याच सुमारास गॉथम एंटरटेन्मेंट ग्रुप या कंपनीनं मार्व्हलच्या परवान्यानं ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ची घोषणा केली. कल्पना शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांची. अमेरिकी गोष्टीचं नुसतं भाषांतर करायचं नाही, ती भारतीय मातीत नव्यानं रचायची, असा त्यांचा दावा होता. त्याला त्यांनी ‘ट्रान्सक्रिएशन’ असा शब्द वापरला.

आता ही नव्यानं रचलेली पात्रं पाहा. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर. मेरी जेनची मीरा जैन. आंट मेची माया काकू, अंकल बेनचे भीम काका. नॉर्मन ऑसबोर्नचा नलिन ओबेरॉय. आद्याक्षरं जुळवायची आणि पुढे जायचं, असा हा मामला. मराठी कानाला तर आणखी एक गंमत जाणवते. आपल्याकडे प्रभाकर हे पहिलं नाव असतं, प्रभाकर पणशीकरांसारखं. मुंबईतल्या वर्गात हजेरी घेताना ‘प्रभाकर, पवित्र’ असं नाव आलं, तर शिक्षकही क्षणभर थांबतील.

मूळ कथेत किरणोत्सारी कोळी चावतो. विज्ञानाचा अपघात. इथे खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेल्या पवित्रला एक वृद्ध योगी शक्ती देतो. मूळ गोष्टीत ग्रीन गॉब्लिन रसायनातून जन्मतो, इथे नलिन ओबेरॉय ताईत हातात घेऊन राक्षस होतो. आणि पोशाख? वर ओळखीचा लाल-निळा, खाली पांढरं धोतर.

मग चाहत्यांचं म्हणणं काय होतं?

दोन गट पडले आणि ते आजही आहेत. एका गटाला आनंद झाला : गेटवे ऑफ इंडियाच्या आसपास झोके घेणारा स्पायडर-मॅन पहिल्यांदाच दिसला होता, तोही पाहुणा म्हणून आलेला नाही, इथलाच. दुसऱ्या गटाचा आक्षेप पोशाखापेक्षा खोल होता. अमेरिकेतला मुलगा प्रयोगशाळेतून हिरो होतो आणि भारतातल्या मुलाला योगीच का लागतो? मुंबईत प्रयोगशाळा नाहीत? आयआयटी नाही? अणुसंशोधन केंद्र तर थेट तुर्भ्यात आहे. तिथला एखादा कोळी कामाला आला असता.

धोतराची थट्टा मात्र जरा अन्यायाची होती. उंचावरून उडी मारताना धोतर सोयीचं की गैरसोयीचं, यावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये रात्र काढता येईल. काचा मारून लाठी-तलवार चालवणाऱ्यांची परंपरा असलेल्या प्रदेशात ते अशक्य वाटू नये. खरी अडचण ही की, २००४ च्या मुंबईत विशीच्या आतला कोणताही मुलगा ते रोज नेसत नव्हता. म्हणजे कॉमिक मुंबईत घडत होतं, पण ‘मुंबई’ बाहेरून पाहिलेली होती.

याच जागी मराठी वाचकाला एक सोपं उत्तर सुचतं आणि ते कॉमिकच्या निर्मात्यांच्या हातून निसटलं. मराठीत ‘कोळी’ म्हणजे जाळं विणणारा जीव आणि ‘कोळी’ म्हणजे मुंबईचे मूळ रहिवासी, समुद्रात जाळं टाकणारे. वरळी, माहीम, वेसावे इथले कोळीवाडे या शहराच्या आधीचे. मुंबईचा स्पायडर-मॅन कोळीवाड्यातला असता, तर नाव बदलायची गरजच नव्हती. भाषेनंच ती जोडणी करून ठेवली होती. मराठी गप्पांत हा विनोद म्हणून येतो, पण तो निव्वळ विनोद नाही. इथल्या गोष्टीची मुळं इथल्या भाषेत शोधली असती तर काय मिळालं असतं, याचा तो नमुना आहे.

मराठी वाचकांसाठी हे नवं होतं का?

अजिबात नाही. परदेशी हिरोचं बारसं करून त्याला घरात घेण्याची सवय इथे जुनी आहे. टाइम्स समूहानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. अमेरिकी ‘फँटम’ मराठी पोरांसाठी ‘वेताळ’ झाला. इतकंच नाही, तर मूळ कथेतल्या भारतीय वाटणाऱ्या नावांमुळे वाचक दुखावतील म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी नकाशाच बदलला. वेताळाचा देश ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाच्यांच्या टोळीचं ‘सिंगा’ झालं. तेव्हा कुणी मल्टिव्हर्स हा शब्द ऐकला नव्हता, पण भारतीय वाचकाचा वेताळ मूळ वेताळापेक्षा वेगळ्या जगात राहत होता, हे खरंच. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. रद्दीवाल्यांकडे त्याचे अंक शोधणारे मात्र अजून आहेत.

हिंदीत तर यापुढे मजल गेली. राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंक मराठी चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढले. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आणि नागराज हे दोघं एकत्र येणारे विशेषांक म्हणजे त्या काळच्या वाचकांचा सण. या दोघांना रामायणाच्या चौकटीत, एका वेगळ्या भविष्यात नेणारी ‘नागायण’ ही आठ भागांची मालिकाही निघाली. भिवंडीतल्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कामगार कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि राज कॉमिक्सचा मोठा वाचकवर्ग त्याच हिंदी पट्ट्यातला. समांतर विश्व ही कल्पना तिथल्या वाचकाला हॉलिवूडनं शिकवायची गरज नव्हती.

मल्टिव्हर्स म्हणजे नेमकं काय?

एकच पृथ्वी नाही, अनेक आहेत. प्रत्येकीवर इतिहास थोडा वेगळा घडलाय. डीसी कॉमिक्सनं १९६१ मध्ये ‘फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात दोन वेगवेगळ्या पृथ्वींवरचे दोन फ्लॅश भेटवले, तिथून ही युक्ती रुळली. लेखकांना यात दुहेरी सोय असते. मूळ पात्राला धक्का न लावता नवा प्रयोग करता येतो आणि प्रयोग जमला तर सगळ्यांना एका कथेत आणून जास्त अंक विकता येतात. मार्व्हलनं प्रत्येक पृथ्वीला क्रमांक दिलाय. मुख्य कथा घडते ती ६१६. पवित्रची पृथ्वी ५०१०१.

पवित्रचे सुरुवातीचे चार अंक निघाले आणि जवळपास दहा वर्षं तो बासनात पडून राहिला. त्याला बाहेर काढलं ते २०१४ च्या ‘स्पायडर-व्हर्स’नं. लेखक डॅन स्लॉट यांच्या या कथेत, सगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनची शिकार करत फिरणारं एक कुटुंब येतं आणि जीव वाचवायला सगळे एकवटतात. गर्दी इतकी होती की, पवित्रच्या वाट्याला फार काही आलं नाही. पण यादीत त्याचं नाव आलं. पुढच्या वेळी त्याला वगळणं अवघड झालं.

‘मुंबटन’ इतकं का आवडलं?

२०२३ च्या चित्रपटात पवित्रचं शहर मुंबई नाही, ‘मुंबटन’ आहे. मुंबई अधिक मॅनहॅटन. एकावर एक चढलेले रस्ते, रिक्षा, टोलेजंग इमारती आणि फिकट छपाईसारखे रंग. हे रंग कुठून आले? चित्रपटाच्या निर्मात्यांनी सांगितलं की, मुंबटनसाठी त्यांनी सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स समोर ठेवली होती. म्हणजे ज्या मासिकानं अमेरिकी वेताळाला मराठी केलं, त्याच मासिकाची छपाई पन्नास वर्षांनी अमेरिकी चित्रपटाला मुंबई रंगवायला उपयोगी पडली. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना ते रंग ओळखीचे वाटले असतील, तर नवल नाही.

चित्रपट भारतात १ जून २०२३ ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी आला, तोही मराठीसह दहा भाषांत. हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलनं. इंग्रजीतला आवाज करण सोनीचा. धोतराची घडी पोशाखात राहिली, पण आता ती एका चपळ पोराच्या अंगावर शोभली. हातात सोन्याची कडी आली, तीच जाळं सोडणारी यंत्रं. हालचालींत केरळच्या कलरीपयट्टूची छटा आली. योगी गायब झाला. बोलायला लागला तो मुंबईच्या पोरासारखा : भरभर, थोडा आगाऊ, केसांचा अभिमान असलेला.

सगळ्यात जास्त फिरला तो चहाचा प्रसंग. माइल्स मोरालेस ‘चाय टी’ म्हणतो आणि पवित्र त्याला झापतो, कारण चाय म्हणजेच टी. परदेशी कॉफीच्या दुकानातली पाटी वाचून ज्यांनी दात-ओठ खाल्ले होते, त्या सगळ्यांचा हिशेब तिथे चुकता झाला. आपण स्वतः ‘पिवळं पीतांबर’ आणि ‘गाईचं गोमूत्र’ म्हणतो, ते सोडून द्या. ब्रिटिशांनी नेलेल्या वस्तूंवरचा त्याचा टोमणाही असाच गाजला.

नाराजी उरलीच. पवित्र प्रभाकर, गायत्री सिंग, माया, या नावांत ठसठशीत मराठी एकही नाही. युद्धकला केरळची. जगाच्या नकाशावरची मुंबई ही ‘भारताची’ मुंबई झाली, महाराष्ट्राची राहिली नाही, ही तक्रार या चित्रपटापुरती नाही. हिंदी सिनेमावरही ती कित्येक वर्षं होतेय. तिच्यात तथ्य आहे. पण मुंबईत गायत्री सिंग नसते, असं कोण म्हणेल?

‘कॅनन इव्हेंट’वरून वाद का पेटला?

(चित्रपट पाहिला नसेल, तर हा भाग नंतर वाचा.)

कथेत एक नियम सांगितला जातो. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडायलाच हव्यात : जवळच्या माणसाचा मृत्यू, ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू. या झाल्या ‘कॅनन इव्हेंट’. त्या टळल्या तर ते विश्वच कोसळतं. वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडर-मॅनचा प्रमुख मिगेल ओहारा याचा या नियमावर पूर्ण विश्वास आहे.

हा नियम मोडतो कुठे? मुंबटनमध्ये. एक इमारत कोसळते. त्या कोसळण्यात गायत्रीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, ‘ठरल्याप्रमाणे’ मरणार असतात. माइल्स त्यांना वाचवतो. लगेच मुंबटनच्या जमिनीत काळं भगदाड पडू लागतं आणि मिगेलची माणसं ते आवरायला धावतात.

‘हा कॅनन इव्हेंट आहे, मध्ये पडू नका’ हे वाक्य पुढे इन्स्टाग्रामवर इतकं फिरलं की, चित्रपट न पाहिलेली मुलंही मित्राच्या फसणाऱ्या प्रेमप्रकरणावर ते टाकू लागली. पण चाहत्यांचा खरा वाद गंभीर होता. मिगेल बरोबर की माइल्स? एका माणसासाठी अख्खं शहर पणाला लावायचं का? आणि भारतीय चाहत्यांचा त्याला जोडून आलेला प्रश्न : पवित्र तर सुखी होता. सहा महिने झाले होते स्पायडर-मॅन होऊन, प्रेयसी होती, काकू होती, शहर लाडकं होतं. त्यानं दुःख सोसलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं? न्यूयॉर्कच्या गोष्टीनं?

२००४ च्या पवित्रवरचा आक्षेप नेमका हाच होता. दुसऱ्याच्या गोष्टीचा साचा, त्यात भारतीय नावं भरलेली. बेन मरतात म्हणून भीम काकाही मरतात. २०२३ च्या चित्रपटानं त्या साच्यालाच कथेतला खलनायक केलं आणि तो मोडण्यासाठी नेमकं पवित्रचं शहर निवडलं. चाहत्यांची जुनी टीका लेखकांनी वाचली होती का, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण वीस वर्षं जो प्रश्न वाचक विचारत होते, तोच आता पात्रं एकमेकांना विचारतात.

भिवंडीत हा प्रसंग वेगळा का दिसतो?

चित्रपट लागायच्या जेमतेम महिनाभर आधी, २९ एप्रिल २०२३ ला, भिवंडीजवळ वळपाड्यात तीन मजली इमारत कोसळली होती. खाली गोदाम, वर राहती घरं. आठ जणांचा जीव गेला. एनडीआरएफच्या जवानांनी कित्येक तास ढिगारा उपसून काहींना जिवंत बाहेर काढलं. त्याआधी २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे, सगळे झोपेत असताना, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली. तिथे किमान ३८ जण गेले.

मुंबटनमध्ये इमारत पडते, तेव्हा चार स्पायडर-मॅन वेगवेगळ्या विश्वांतून हजर असतात. बस वाचते, पोर वाचतं, इन्स्पेक्टर वाचतो, खाली लोक टाळ्या वाजवतात. पडद्यावर ही पाच-सात मिनिटांची धमाल आहे. ज्या शहरात पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि यादीतल्या इमारतींत माणसं राहतच असतात, कारण दुसरीकडे भाडं परवडत नाही, तिथे ‘काही मरणं ठरलेली असतात’ हा संवाद नुसता कथेतला पेच राहत नाही. यादीतली इमारत पडणं हा कॅनन इव्हेंट नव्हे. ती वेळेवर रिकामी करता येते.

स्वतःचा सुपरहिरो कुणी केला का?

केला. भिवंडीवरून नाशिककडे जाणारा हाच महामार्ग पुढे मालेगावला जातो आणि ही दोन्ही यंत्रमागांची शहरं. मालेगावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’पासून सुरुवात करून थेट ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवला. सुपरमॅन झाला शफिक शेख, मागावर काम करणारा किडकिडीत तरुण. शूटिंग सवडीनं, क्रोमासाठी हिरवं कापड, पैसे मोजून. फैजा अहमद खान यांनी हा सगळा खटाटोप टिपला आणि २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट तयार झाला. शफिकचं पुढे तोंडाच्या कर्करोगानं निधन झालं. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ याच मंडळींवर बेतलेला. तो २८ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपटगृहांत आला.

मालेगावच्या सुपरमॅनला कुठला पृथ्वी क्रमांक मिळाला नाही. पण ‘नक्कल की आपला’ हा प्रश्न त्याच्याबाबत कुणी फारसा विचारला नाही. गल्ली ओळखीची, माणसं ओळखीची, विनोद ओळखीचे. वरून सुपरमॅनचा पोशाख नुसता चढवलेला. पवित्रचं उलट झालं. पोशाख भारतीय केला, गल्ली मागाहून शोधावी लागली.

पुढे काय?

जून २०२३ मध्येच मार्व्हलनं पवित्रची पाच अंकांची नवी मालिका काढली. लेखक निकेश शुक्ला, चित्रकार अभिषेक मालसुनी. म्हणजे पहिल्या चार अंकांनंतर जवळपास दोन दशकांनी त्याला स्वतःच्या नावाची मालिका पुन्हा मिळाली.

आता लक्ष ‘बियाँड द स्पायडर-व्हर्स’कडे. आधीच्या भागाच्या शेवटी माइल्सला शोधायला निघालेल्या टोळीत पवित्र आहे. इन्स्पेक्टर सिंग जिवंत आहेत. मुंबटनच्या पोटातलं भगदाड तेवढं आवरून धरलंय, बुजलेलं नाही. शहर टिकलं आणि सिंगही वाचले, तर मिगेलचा नियम खोटा ठरतो. सिंग गेले, तर पवित्र पुन्हा पीटर पार्करच्या रांगेत जाऊन उभा राहतो. चाहत्यांच्या पैजा यावरच लागल्या आहेत.